भिंत अजून तशीच आहे

बाबू,

तुझ्या गोळ्यांची पट्टी इथे राहिली. माजघरातल्या खिडकीत, समईच्या तेलाच्या बाटलीमागे. चवथीच्या आदल्या, तयेच्या रात्री माझ्यासमोर कोरी पट्टी फोडली होतीस, सहा रात्री राहिलात, आणि पट्टीत अजून सहा गोळ्या आहेत. दहातल्या चारच गेल्या. हिशेब तूच कर, इंजिनीयर तू आहेस. आज तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले, पुण्यात दुसरी पट्टी घेतली असशील असं मी धरून चाललेय. घेतलीस ना? असो. मला लिहायचंय ते वेगळंच आहे, गोळ्यांचं परत काढणार नाही.

फोनवर बोलले असते, पण आपलं फोनवर सध्या 'जेवलास का' आणि 'पाऊस आहे का' याच्या पुढे जात नाही, मध्येच तुझी लेक चिनू फोन ओढून घेते, मग मला तिची नाकपुडी दिसते आणि तुझा आवाज लांबून कुठूनतरी येतो. म्हणून टाईप करतेय. मानसीने बोलून टाईप करायचं शिकवलं होतं, पण त्या मेल्याला 'माटोळी' म्हटलं की ते 'मोटारीची' लिहितं, त्यामुळे एका बोटाने चाललंय. तीन दिवस लागले तरी चालतील, मला कुठे जायचंय. परवा बाबांचा म्हाळ आहे तेवढं सोडून.

तर त्या संध्याकाळचं. मी गेले नऊ दिवस त्या संध्याकाळीच अडकून बसलेय असं समज. विसर्जन करून तुम्ही सगळे आलात, भिजलेले, दमलेले, तुला दुसऱ्या दिवशी निघायचंच नव्हतं खरं तर, कुंभारजुव्याच्या सांगोडाला थांबायचं ठरलं होतं, दोन होड्या जोडून बांधतात आणि त्यावरून गणपती कसा जातो ते चिनूला दाखवायचं म्हणून मी चवथीच्या आधीपासून फोनवर तिला त्याच गोष्टी सांगत होते. मी आत पातोळ्यांची पानं आवरत होते आणि तुझा आवाज आला. तो तुझा आवाजच नव्हता रे. बाबांचाही नव्हे, ते कधी ओरडायचे नाहीत, त्यांचं सगळं आतच राहायचं, आणि शेवटी त्याचं काय झालं ते आपण बघितलं. बाहेर येऊन बघते तर चिनू भिंतीला टेकून उभी, कोपरापर्यंत चिखल, पायाशी माझं देवाचं पंचपात्र, त्यात माती कालवलेली, आणि पाच दिवस जिथे गणपती होता त्याच्या मागच्या भिंतीवर, जिला तू जुलैत खास पेंटर पाठवून रंग दिलेला, हातभर मोठं काहीतरी काढलेलं. मला वाटलं फणस. तू 'ही भिंत आहे की पाटी' म्हणून ओरडत होतास आणि ती रडतही नव्हती. नुसती आपल्या हातांकडे बघत होती, जसे काही ते दुसऱ्या कोणाचे हात आहेत.

मी म्हटलं, बाबू, ओरडू नको तिच्यावर.

आणि तू म्हणालास, "तू बोलतेस? माझ्या वह्या कुठे गेल्या ते सांग तिला."

मानसी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काहीच माहीत नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली, तू तिला कधी सांगितलं नव्हतंस. मला सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते हे, की इतकी वर्षं तू माझी लाज राखून होतास. पहाटे पाचला गाडी काढलीस, चोर्ल्याच्या घाटात धुकं असतं म्हणून सावकाश जा म्हणायला मी दारात आले तोवर तुम्ही वळणावर पोचला होतात. पट्टी तेव्हाच राहिली.

वह्यांचं मी कधी बोलले नाही, आता बोलते. 2002 साल, जून. तुझी बारावी झालेली, बाबांना जाऊन सव्वा वर्ष. माझ्या एकटीचा पगार, माईंचं औषधपाणी, वरच्या कौलांचं काम अर्धवट. पाच वह्या होत्या तुझ्या, आणि पाचवीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयाचा फॉर्म घडी करून ठेवलेला. भरलेला. फक्त पालकाच्या सहीची जागा कोरी. तू मला विचारायचं धाडस गोळा करत असणार आणि मी ती वेळच येऊ दिली नाही. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली घातल्या. पावसाचे दिवस, लाकडं ओली, पेटवायला कागद लागतोच, असं मी मलाच सांगितलं. तुला सांगितलं वाळवी लागली. तू काही बोलला नाहीस, पण संध्याकाळी राख काढायला तू गेला होतास आणि राखेत स्पायरलची तार होती, ती तू हातात घेऊन उभा होतास, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. बघितलं आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसले.

चूक झाली रे. एवढे दोन शब्द लिहायला मला 23 वर्षं लागली आणि त्याआधी गोळ्यांचा एक अख्खा परिच्छेद.

तुझ्याबद्दल मी दहा जणांना अभिमानाने सांगते, अजून सांगते. फर्मागुडीच्या इंजिनीयरिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात सुटला, कसा मार्गी लागला बघा, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, आईला दर महिन्याला न विचारता पैसे पाठवतो. ते सगळं खरं आहे, त्यातलं मी काही मागे घेणार नाही, आणि त्या वेळी माझ्या जागी कोणी असतं तर, जाऊ दे. माझी बाजू मांडायला बसले तर पत्र वकिलाचं होईल. पण चाळिशीच्या आत तुला बीपी लागलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला की त्या वह्या. डॉक्टर म्हणाले आनुवंशिक असतं, वजन, मीठ, झोप. म्हणू देत.

नागपंचमी आली की तू शाळेतून थेट भाईंच्या चित्रशाळेत, गणपती करतात तिथे. आठवतं ना? आपला पाट पोचवायला म्हणून जायचास आणि रात्री तुला आणायला बाबांना बॅटरी घेऊन जावं लागायचं. भाई तुला उंदीर करायला द्यायचे. गणपतीला हात लावायचा नाही, उंदीर कितीही. एकदा रात्री मी पोळ्या लाटतेय आणि तू मला माती शिकवत बसलास, नऊ वर्षांचा असशील. बारीक भाग आधी सुकतो, जाड भाग मागे राहतो, मग दोघांची ओढाताण होते आणि भेग पडते, म्हणून सोंडेवर आणि बोटांवर ओलं फडकं टाकायचं, सगळं एका चालीने सुकलं पाहिजे. उन्हात ठेवायची घाई करायची नाही. तुकडा तुटला तर दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ माती लावायची, पण एक ओला आणि एक सुका असेल तर नाही धरत. मी म्हटलं, गणिताचा गृहपाठ झाला का?

हे मला आठवतं, त्याचं कारण पुढे सांगते.

मी 31 वर्षं मराठी शाळेत शिकवलं. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर काय काढायचे ठाऊक आहे ना, दोन डोंगर, मधून अर्धा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड, आणि चार आकड्याचे पक्षी. तीस पोरांच्या तीस वह्यांत तीच झोपडी. गोव्यात तशी झोपडी मी कुठे बघितलेली नाही, कुठून आली कोण जाणे, बहुतेक माझ्या बाईंनी मला दिली. एका पोराने गाय हिरवी रंगवली होती, मी त्याला दुसरा कागद दिला. वाईट वागले नाही, गोड बोलूनच दिला. आता त्या शाळेला कुलूप आहे, पट पाचावर आला आणि बंद झाली, ते वेगळं दुखणं, त्यावर नंतर कधीतरी.

तर मी कोणत्या तोंडाने तुला सांगणार होते ओरडू नको म्हणून. तरी सांगितलं, आणि तुला राग आला, तो बरोबर होता.

पण चिनूने मला या वेळी काय केलं ते तुला माहीत नाहीये. तू गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधत होतास शिडीवर चढून आणि ती खाली, जिथे पाट ठेवायचा तिथेच, उताणी झोपली. म्हणाली, आजी, जंगल उलटं टांगलंय. बेचाळीस चवथी झाल्या मला या घरात. दर वर्षी मी यादी घेऊन फोंड्याच्या बाजारात जाते, कवंडळ, कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंग, सुपारीचं शिंपटं, नारळाची पेंड, केळीचा घड, भाव करते, घागऱ्यो वाळलेल्या आहेत म्हणून भांडते, घरी आणून यादीवर खुणा करते. कधी खाली झोपून वर बघितलं नाही. मग मी पण झोपले तिच्या शेजारी, गुडघा धरून धरून, मानसी हसत होती. आणि खरंच. खालून कवंडळाचा तांबडा रंग असा दिसतो बाबू, दिवा लावायच्या आधीच आत दिवा असल्यासारखा. चिनू म्हणाली, हे खायचं? मी म्हटलं नाही, ते खात नाहीत. मग कशाला टांगलंय? मी म्हटलं, बघायला. असंच तोंडातून गेलं, आणि मग मी गप्पच झाले.

दुसरं ते वाजवायच्या घुमटाचं. आरतीला वरच्या वाड्यावरची पोरं आली होती, एक घुमट, एक शामेळ, कासाळं. चिनूला आवाजाची भीती वाटेल म्हणून मानसी तिला आत नेत होती तर ती सुटली आणि थेट वाजवणाऱ्याच्या मांडीपाशी, मडक्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवून बसली. त्या पोरानेही तिला बसू दिलं, चांगला पोर आहे. त्याला मी विचारलं कातडं कसलं रे, म्हणाला बकऱ्याचं. बाबांच्या वडलांच्या घुमटाला घोरपडीचं होतं, आता कायद्याने बंदी आहे, आणि बरंच झालं. तर रात्री तिने माझ्या भाजीच्या यादीच्या पाठीवर गोल काढले, गोलात गोल, गोलात गोल, कागद फाटेपर्यंत. तू विचारलंस काय आहे गो हे. ती म्हणाली आवाज. आणि तू हसलास. तुला कळलं नसेल पण मी समोर बसले होते, दिवा तुझ्या तोंडावर होता, तो उंदरावाला चेहरा होता. मला वाटलेलं तो गेला.

आणि मग पाचव्या दिवशी तो दुसरा चेहरा. म्हणून मला राहवेना. दोन्ही तुझेच आहेत हे मला कळतंय, दिवसभर गर्दीत, पावसात, त्यात रात्री दोनपर्यंत ऑफिसचे कॉल, सणाच्या दिवसांतसुद्धा, मला वरून तुझा आवाज यायचा, इंग्लिशमध्ये सॉरी सॉरी म्हणत असायचास. डोकं दुखतंय म्हणून दोनदा बाम मागितलास. बाबा पण बामच मागायचे.

पणजीला आपण गेलो होतो तेव्हाचं एक राहिलं. मार्केटात तू बांगडे बघत होतास आणि मी चिनूला मारियो मिरांडाची चित्रं दाखवायला भिंतीपाशी नेलं. ती तासभर हलली नसती, प्रत्येक माणसाचं नाक बघत होती. मी तिला सांगायला गेले की हे काका आपल्या लोटलीचे, लहान असताना घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे, मग त्यांच्या आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली, तिला ते डायरी म्हणायचे. इथपर्यंत सांगितलं आणि पुढे माझा आवाजच फुटेना. चिनू म्हणाली, मग? मी म्हटलं मग काही नाही, चल बाबा बोलावतोय.

तू गेल्यावर दोन दिवसांनी मानसीने व्हिडिओ लावला होता, तू ऑफिसात होतास. चिनूने विचारलं, आजी, बाप्पा आहे ना? मी म्हटलं अगो बाप्पा गेला ना नदीत, पुढच्या वर्षी येणार. ती म्हणाली, नाही, मी ठेवला ना तिथे.

फोन ठेवून मी भिंतीसमोर खुर्ची ओढली. फणस नव्हता. दोन बाजूंचे पसरट डाग होते ते कान, मधून खाली गेलेला ओघळ ती सोंड, आणि डोक्यालाच थेट पाय, पोट नाहीच. चार वर्षांच्या मुलांची माणसं अशीच असतात, मी शेकड्याने बघितलीत, त्यांना पोट नंतर सुचतं. आणि माती कुठली ते कळलं का तुला? अंगणातली नव्हे. आपण विसर्जनानंतर पाटावर नदीतली मूठभर माती परत आणतो ती. तूच तिला काठावर उचलून घेऊन सांगत होतास, बाप्पा पाण्यात विरघळला, त्याची माती झाली, ती आपण घरी न्यायची. मी ऐकलंय. तिने तुझं बोलणं शब्दाला शब्द धरलं. घरी आल्यावर जागा रिकामी दिसली, माती हाताशी होती, तिने त्याला परत जागेवर ठेवला. तू ओरडलास तेव्हा ती काही मस्ती करत नव्हती.

हे तुला दोषी धरायला लिहीत नाहीये. मलाही फणसच दिसला होता, आणि मी तर वह्या उघडूनही बघितल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून मी पण काढायला लागलेय. हसू नको. शाळेतला एक जुना हजेरीपट होता, मागची पानं कोरी. रोज एक वस्तू, घरातलीच, पेन्सिलीने. पहिल्या दिवशी आदोळी काढली. बेचाळीस वर्षं मी तिच्यावर नारळ खवतेय आणि तिला 19 दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं, त्यातला एक अर्धा तुटका. केव्हा तुटला? तो तुकडा कोणी खाल्ला? दुसऱ्या दिवशी दवलो, करवंटीचा, त्याची वाटी एका बाजूला किंचित चपटी आहे. तिसऱ्या दिवशी मांजर, ते जमलं नाही, उठून गेलं. काल अळवाच्या पानावरचं पाणी काढायला बसले आणि पाणी कसं काढायचं हेच कळेना, ते पांढरं पण नाही, पारदर्शक पण नाही, पानाला चिकटतही नाही. बघता बघता पेज उतू गेली. रेघ सरळ येत नाही, हात कापतो. पण दुपार कशी जाते कळत नाही, आणि शेजारणीच्या सुनेच्या तक्रारी ऐकायला मला सध्या वेळ नसतो, तिला वाटतंय मी रागावलेय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की तू रोज दहा मिनिटं चिनूजवळ खाली बस. खुर्चीत नव्हे, खाली. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. ती रंगवायची पुस्तकं आणू नको ज्यात रेघा आधीच काढलेल्या असतात, त्या माझ्या झोपडीच्या बहिणी आहेत. ओरडायचंच झालं तर आधी विचार हे काय आहे, मग ओरड. तिच्या चित्राला छान छान म्हणू नको लगेच, सांगायला लाव. रात्रीचे कॉल कमी कर, साहेबाला सांग घरी लहान मूल आहे, लोणचं पापड बंद, जिना चढ, लिफ्ट नको, आणि रात्रीची गोळी विसरायला होत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळची कर, ब्रशच्या मगात ठेव म्हणजे दिसेल,

झालं. सुरू झाले मी. पुसणार नाही, राहू दे, पण माफ कर. एकतीस वर्षं समोर तीस पोरं बसलेली असली की माणसाला वाटतं समोरचा नेहमी खालीच बसलाय.

आणि कोणाला सांगतेय, तुला कोण होतं रे खाली बसायला. मी कधी बसले नाही. बाबा बसले एकदाच, तेही खाली नव्हे, चिखलात. तुला सात वर्षं होती. चिखलकाल्याचा दिवस, आदल्या दिवशी एकादशीचं भजन, रात्रभर जागरण, पाऊस असा की देवळासमोरचं मैदान म्हणजे तळं. बाबांना तू ओळखतोस, खजिन्यातली नोकरी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चप्पलला चिखल लागला तर दारात पाच मिनिटं. सगळे तेल लावून उतरलेले, तू मध्ये, आणि तू त्यांना हाक मारलीस, बाबा या. मी म्हटलं ते नाही यायचे. त्यांनी शर्ट काढला, घडी केली, पेनांसकट माझ्या हातात दिला, आणि धावत जाऊन पोटावर घसरले. साष्टांग! तू इतका हसलास की तुला उचकी लागली. नंतर तुला खांद्यावर घेऊन देवळापाशी आले, दोघांचे फक्त डोळे दिसत होते, आणि तुला दाखवत होते की आत बघ, देवकीच्या पुढ्यात कृष्ण उभा आहे, कृष्ण सगळीकडे असतो पण आईच्या मांडीपाशी असा फार थोड्या ठिकाणी, आणि हे दोघं असे चोडणहून निघाले, मयेला थांबले, मग आपल्या माशेलात आले, बरोबर, एकमेकांना न सोडता. मला वाटलं होतं हे इतिहास सांगताहेत. आता मला वेगळं वाटतं. बाबांच्या कानात तीन दिवस चिखल होता. आता चिखलकाल्याला टुरिस्ट येतात मोठे कॅमेरे घेऊन, येऊ देत, पण त्या दिवशीचा एक फोटो नाही आपल्याकडे. तू काढला होतास, दुसऱ्या वहीत की तिसऱ्या. दोन काळे माणूस, चार पांढरे डोळे. ते पान मला माहीत आहे कारण तेवढं एक मी बघितलं होतं, जाळायच्या आधी. बघितलं आणि तरी.

बाबांचं बीपी कोणी कधी मोजलंच नव्हतं. आपल्याला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे, तुझ्याकडे मशीन आहे घरात. मला एवढंच म्हणायचंय. बाबा 52 चे होते, तू 41 चा आहेस, मला वजाबाकी येते.

बस, आता पार्सलचं. शेजारचा मुलगा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे पिशवी देते. चिनूने चित्रशाळेतून आणलेल्या चिकण मातीचा हत्ती केला होता तो माळ्यावर सुकत होता, मी शहाणपणा करून उन्हात ठेवला आणि सोंड गळून पडली. बारीक भाग आधी सुकतो. म्हणून मला ती पोळ्यांची रात्र आठवली. ओरखडे काढून माती लावली तर तासभर राहिली आणि परत पडली, सुक्याला ओलं धरत नाही, तू सांगितलं होतंस तसंच झालं. मग नाद सोडला. सोंड वेगळ्या कागदात गुंडाळलीय, तांबड्या दोऱ्याने बांधलीय, फेकू नको रद्दी म्हणून. कशी बसवायची ते तुम्ही दोघं बघा.

चिनूसाठी कोरी वही आहे, पातळ, तिच्या हातात मावेल अशी. दुसरी जाड आहे ती तिची नाही. दुकानात चांगली स्पायरलची होती, मुद्दाम घेतली नाही, शिवलेली घेतली. त्यात काही काढलंच पाहिजे असं नाही, हिशेब लिही हवा तर.

भिंत अजून तशीच आहे. पेंटर विचारून गेला, मी म्हटलं दिवाळीनंतर बघू. कान थोडे गळायला लागलेत, रोज थोडी माती खाली पडते, मी झाडून तुळशीत टाकते. चिनूला सांगू नको. की सांग, तुला वाटेल तसं.

गोळ्या जाड वहीच्या खाली आहेत. तारीख बघितली मी, मार्चपर्यंत चालतील.

आई